पुढचा ब्रेक दाबू नकोस!

घरातल्या जुन्या मोटरसायकलची किल्ली मुलाच्या हाती देताना हा सल्ला हमखास दिला जातो. पुष्कळदा दोष ब्रेकचा नसतोच. तो असतो चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या दोन नळ्यांचा. या पुढच्या शॉकअपकडे वर्षानुवर्षं कुणाचंच लक्ष जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी येतो. जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली बाबांची आरएक्स-१०० त्याला खुणावू लागते. दोन-चार किका मारल्यावर गाडी सुरू होते. तो परिचित आवाज ऐकून शेजारचे दोघं-तिघं खिडकीत येतात. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "येताना कोथिंबीर आण रे." आणि बाबा किल्लीबरोबर एक सल्ला देतात.

"पुढचा ब्रेक दाबू नकोस हं. गाडी एकदम तोंडघशी जाते. मागचाच वापर."

हे चित्र देशातल्या असंख्य घरांत दिसतं. गाडी कुठे आरएक्स असते, कुठे येझदी, कुठे बुलेट, कुठे पहिल्या पगारातून हप्त्यावर घेतलेली एखादी शंभर सीसीची गाडी. सल्ला मात्र तोच असतो. तो देणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. कधीतरी पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला, गाडीचं तोंड खाली गेलं, हँडल हातात थरथरलं आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून त्या माणसाने पुढच्या ब्रेकचं नाव टाकलं.

पण या सल्ल्यामुळे मुलाच्या हातातलं सगळ्यात मोठं संरक्षण काढून घेतलं जातं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

बसमधला धक्का आठवा

एसटीच्या ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला की उभे प्रवासी मागे नाही, पुढे कलंडतात. मोटरसायकलचंही तसंच आहे. ब्रेक दाबला की गाडीचा आणि बसलेल्यांचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. ज्या चाकावर भार जास्त, त्याची रस्त्यावरची पकड जास्त. म्हणूनच जोरात थांबायची वेळ येते तेव्हा निम्म्याहून कितीतरी अधिक काम पुढचा ब्रेक करतो. मागचं चाक हलकं झालेलं असल्यामुळे लवकर अडकतं आणि घसरत जातं.

ताशी ४० किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे. पण त्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. गल्लीतून चेंडूमागे पोर धावत आलं, तर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा माणूस जिथे थांबेल, तिथे फक्त मागच्या ब्रेकवर विसंबलेला माणूस थांबू शकत नाही. त्याला जवळजवळ दुप्पट अंतर लागू शकतं.

नव्या गाड्यांमध्ये याची थोडी सोय झाली आहे. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. लहान दुचाकींना तेव्हा एबीएस किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा देणं सक्तीचं झालं. जुन्या गाडीत यातलं काहीच नसतं. तिथे भिस्त असते ती टायर, चालवणाऱ्याची बोटं आणि त्या दोन नळ्या यांच्यावर.

नळीतली नळी, आत तेल

पुढच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या या जोडीला इंग्रजीत फोर्क म्हणतात. सायकलवाला त्याला चिमटा म्हणतो, तर मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये त्याचं नाव 'पुढचा शॉकअप'. सायकलचा चिमटा लोखंडाचा आणि ताठ असतो. मोटरसायकलचा चिमटा आखडतो आणि लांबतो.

प्रत्येक बाजूला दोन नळ्या असतात. वरची चकचकीत, क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी नळी म्हणजे पाइप. तो हँडलखालच्या दोन पकडींत घट्ट बसवलेला असतो. खालची जाड, बहुधा अ‍ॅल्युमिनियमची नळी म्हणजे बॉटम केस. ती चाकाला जोडलेली असते आणि पाइपावर वरखाली सरकते. आत एक लांब स्प्रिंग असते आणि थोडंसं तेल असतं. जुन्या १०० ते ३५० सीसीच्या गाड्यांत हे तेल एका बाजूला साधारण १०० ते २५० मिलीलीटर, म्हणजे फार तर एक पेलाभर.

एवढंसं तेल काय करतं? स्प्रिंगच्या गादीवर उड्या मारणारं मूल आठवा. एकदा उडी मारली की गादी त्याला पुन्हा पुन्हा उडवत राहते. शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी अशीच नाचत राहिली असती. ते नाचणं थांबवण्याचं काम तेल करतं. आतल्या दांडीला बारीक भोकं असतात. शॉकअप दबला किंवा लांबला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. इंजेक्शनच्या सिरिंजमधून पाणी हळू ढकललं तर सहज निघतं आणि जोरात ढकलायला गेलं तर अंगठा दुखतो. इथेही तेच घडतं. लहान खाचखळगा शॉकअप सहज गिळतो, पण मोठ्या हिसक्याला अडवून धरतो.

ही रचना आता साधी वाटते, पण मोटरसायकलच्या सुरुवातीच्या काळात ती नव्हती. तेव्हा पुढे लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि एक उघडी स्प्रिंग असायची. तेलाने उसळी रोखणारा असा दुर्बिणीसारखा सरकता शॉकअप जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आपल्या आर-१२ मोटरसायकलला दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो जगभर पसरला. भारतात १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली. म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी तयार होऊ लागली, ती १९९६ पर्यंत. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने आरएक्स-१०० आणली. तिचं उत्पादनही १९९६ मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात धाकटी आरएक्ससुद्धा आता तिशीच्या घरात आहे. इतक्या वर्षांत तिचं इंजिन दोनदा उघडलं गेलं असेल, सीट तीनदा बदललं असेल. शॉकअपमधलं तेल मात्र कित्येकदा कारखान्यातलंच असतं!

रोज थोडं थोडं

टायर पंक्चर झालं तर लगेच कळतं. दिवा गेला तरी कळतं. शॉकअप तसा बिघडत नाही. तो दिवसाला कणभर बिघडतो आणि चालवणाराही दिवसाला कणभर जुळवून घेतो. खड्डा आला की तो नकळत पेडलवर उभा राहतो. वळणावर वेग आपोआप कमी करतो. ब्रेक लावताना पुढचा टाळतो. दहा वर्षांनी विचारलं तर म्हणतो, "गाडी एकदम झकास आहे!" मागे बसणाऱ्या बायकोची कंबर मात्र वेगळं सांगत असते.

आत काय चाललेलं असतं? पाइप आणि बॉटम केस यांच्या मध्ये रबराची एक कडी असते, तिला ऑइल सील म्हणतात. तिची पातळ ओठासारखी कड पाइपाला चिकटून असते आणि वरखाली होताना तेल पुसून आतच ठेवते. धूळ, चिखल, समुद्राकाठची खारी हवा आणि उभ्या गाडीवर झिरपलेलं पावसाचं पाणी यामुळे पाइपाच्या क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके पडतात. हे ठिपके कानशीसारखे त्या ओठावर घासत राहतात. ओठ कापला गेला की तेल बाहेर झिरपू लागतं. आत उरलेल्या तेलात धातूची बारीक पूड आणि ओलावा मिसळून त्याचं पाणचट काळपट मिश्रण होतं.

तेल कमी झालं की ब्रेक लावताच शॉकअप सर्रकन तळाला जातो. एकदा तो तळाला टेकला की त्याच्याकडे दबायला जागाच उरत नाही. त्याच क्षणी समोर खड्डा आला तर चाक उडतं आणि टायर रस्ता सोडतो. बाबांच्या पोटात गोळा आला होता तो इथेच.

दुसरा धोका याहून वाईट. गळणारं तेल केसवरून ओघळत खाली चाकाच्या आसाकडे जातं. पुढचा ब्रेक तिथेच असतो. ड्रम ब्रेकच्या पट्ट्यांना किंवा डिस्क ब्रेकच्या पॅडना तेल लागलं की पकड संपलीच. तेल प्यायलेला पॅड कितीही पुसला तरी भरवशाचा राहत नाही, तो बदलावाच लागतो.

पाच मिनिटांची तपासणी

ही तपासणी घरच्या घरी, कुठलंही हत्यार न घेता करता येते.

पहिली, गाडी डबल स्टँडवर लावा आणि चकचकीत पाइपावरून बोट फिरवा. तेलाचा पुसटसा पापुद्रा असला तर हरकत नाही. पण तेलकट कडं दिसलं, त्यावर धूळ चिकटून काळी रेघ उमटली असली किंवा केसवर ओघळ असला तर सील गेलं आहे असं समजा.

दुसरी, गाडी स्टँडवरून उतरवा. पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने खाली दाबा आणि सोडा. चांगला शॉकअप अडून अडून खाली जातो, सावकाश वर येतो आणि तिथेच थांबतो. दोन-तीनदा डोललाच तर तेल निकामी झालं आहे. खाली जाताना 'टक्' असा आवाज आला तर आत फारसं तेल उरलेलं नाही.

तिसरी, पाइपावरून नख वरून खाली आणि आडवं फिरवा. नख कुठे अडखळलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे. तो सील सरकतं त्या भागात असेल तर नवं सीलही लवकरच कापलं जाणार.

चौथी, पुढचं चाक अधांतरी ठेवून दोन्ही केसेस खाली धरा आणि पुढेमागे हलवा. खटखट जाणवली तर हँडलचा कोन सेट सैल आहे किंवा शॉकअपच झिजला आहे. हँडल हळूच वळवताना मधोमध आल्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेटमध्ये खाच पडली आहे. तो याच वेळी बदलून घेतला तर मजुरी वाचते.

पाचवी, सरळ रस्त्यावर सावकाश जाताना हँडल सरळ असतं का, ते पाहा. हँडल वाकडं धरल्यावरच गाडी सरळ जात असेल तर एखाद्या जुन्या पडझडीत पाइप वाकलेला किंवा पिळवटलेला असू शकतो.

"शॉकअपमध्ये तेल असतं?"

सुट्टीतल्या त्या मुलाने कोथिंबीर आणून दिली आणि गाडी चौकातल्या मिस्त्रींकडे नेली. बाबाही मागून पोचले.

"काका, तेल कधी बदललंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"दर वेळी बदलतो. गेल्या महिन्यातच बदललं."

"ते गिअरचं. शॉकअपचं विचारतोय."

"शॉकअपमध्ये तेल असतं?" बाबांनी तीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

मिस्त्रींनी हसून गाडी डबल स्टँडवर घेतली आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवला. पुढचं चाक अधांतरी झालं. गाडी ठोकळ्यावर पक्की उभी आहे ना, हे हलवून पाहिल्याशिवाय पुढचं काहीही करायचं नसतं.

या कामात कुठला नट आधी सैल करायचा, याला महत्त्व आहे. पाइप पकडींत घट्ट आहे तोवरच, वरच्या पकडीचा बोल्ट ढिला करून, पाइपाचं वरचं झाकण अर्धा आटा सैल करून घ्यायचं. पाइप सुटा झाल्यावर ते धरायला जागा राहत नाही. मग चाक, केबल आणि मडगार्ड काढायचं. केसच्या तळाशी आत खोल एक एलन बोल्ट असतो, तोही स्प्रिंगचा दाब आहे तोवरच सैल करायचा. स्प्रिंग काढल्यावर आतली दांडी बोल्टबरोबर गरगर फिरत राहते आणि बोल्ट काही निघत नाही. घाईघाईत काम करणारे इथेच अडकतात आणि मग छिन्नी-हातोड्यावर येतात.

खालच्या पकडीचा बोल्ट ढिला केला की शॉकअप पिळत पिळत खाली निघतो. वरचं झाकण पूर्ण काढताना मिस्त्रींनी त्यावर फडकं धरलं आणि तोंड बाजूला केलं. झाकणाखाली स्प्रिंग दाबून बसलेली असते. तेवढं ध्यानात न ठेवल्यास झाकण थेट डोळ्यावर येऊ शकतं.

डब्यात तेल ओतलं तेव्हा बाबा दोन पावलं मागे सरले. कुजलेल्या मासळीसारखा वास आणि रंग शाईच्या धोवणासारखा. डाव्या बाजूला निम्मंच तेल उरलं होतं. उजव्या बाजूला तर तळाला चिकटलेला नुसता गाळ.

"आणि तुम्ही म्हणता ब्रेक वाईट!" मिस्त्री म्हणाले.

दुधाची पिशवी आणि आरशाचा तुकडा

पुढचं काम स्वच्छतेचं. दांडी, स्प्रिंग, पाइप आणि केस डिझेलने धुऊन, दांडीची भोकं मोकळी करून सगळं कोरडं करायचं. दोन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून पाहायच्या. एक बुटकी निघाली तर जोडी बदलायची.

पाइप सरळ आहे का, हे पाहायला मिस्त्रींनी आरशाचा जुना तुकडा सपाट फळीवर ठेवला आणि पाइप त्यावरून लाटण्यासारखा फिरवला. पाइप सरळ असेल तर खाली फट दिसत नाही. वाकडा असेल तर फट उघडते आणि मिटते. थोडासा वाक मोजमाप करून दाबयंत्रावर काढता येतो. पण पाइपाला मुरड किंवा घडी पडली असेल तर तो सरळ करून वापरू नये. धातू त्या जागी दुबळा झालेला असतो.

जुनं सील काढायच्या आधी त्यावरचं धूळसील आणि खोबणीतलं तारेचं लॉक काढावं लागतं. मग पान्याच्या टोकाखाली कापडाची घडी ठेवून सील उचकटायचं. केस मऊ अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यावर ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या बाजूने गळतं.

नव्या सीलच्या ओठाला तेल लावलं. पाइपाच्या टोकावर दुधाच्या रिकाम्या, पुसून कोरड्या केलेल्या पिशवीचा तुकडा चढवला आणि त्यावरून सील सरकवलं. पाइपाची धारदार कड नव्या सीलला कापू नये म्हणून ही युक्ती. आकडे छापलेली बाजू वर आणि बारीक स्प्रिंग असलेली बाजू खाली, तेलाकडे. ठोकण्यासाठी मापाचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा घेतला. नव्या सीलवर जुनं सील ठेवून चहूबाजूंनी सारखं, हलक्या हाताने ठोकलं. लॉक आपल्या खोबणीत 'टिक्' करून बसलं म्हणजे सील जागेवर गेलं. तळाच्या एलन बोल्टला तांब्याचा नवा वायसर घातला. चार पैशांचा हा वायसर जुनाच ठेवला तर वरून गळणं थांबतं आणि खालून सुरू होतं!

आता तेल. किती आणि कोणतं, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते औषधाच्या मापाने दोन्हीकडे अगदी सारखं भरायचं. शॉकअप आठ-दहा वेळा हाताने वरखाली करून आतली हवा काढायची. मग स्प्रिंग न घालता पाइप पूर्ण खाली ढकलून वरच्या काठापासून तेलाची पातळी पट्टीने मोजायची. दोन्हीकडे एकच आकडा यायला हवा. त्यानंतर स्प्रिंग होती त्याच दिशेने घालायची आणि झाकण लावायचं.

जोडणी करताना शेवटची एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. चाकाचा आस आणि पकडींचे बोल्ट आधी हलकेच आवळायचे. गाडी खाली घेऊन पुढचा भाग पाच-सहा वेळा दाबायचा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर बसतात. मगच सगळं पक्कं करायचं. आधीच करकचून आवळलं तर नवं तेल आणि नवी सीलं घालूनही शॉकअप अडखळतच चालतो.

सील शोधायची पेठ

कारखाना बंद झालेल्या गाडीचे भाग मिळतात का? सील तर हमखास मिळतं, कारण ते गाडीच्या नावावर नाही, मापावर चालतं. त्यावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळे मिलीमीटरमध्ये. जुनं सील खिशात घालून दुकानात जावं आणि ते आकडे जुळवूनच नवं घ्यावं. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचं करोल बाग, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, बंगळुरूचा जे. सी. रोड या ठिकाणी जुन्या गाड्यांचे भाग शोधणाऱ्यांची पावलं वळतातच.

पाइपाचा प्रश्न थोडा कठीण. बाजारात स्वस्त पाइप मिळतात, पण त्यांचं क्रोम दोन पावसाळ्यांत उठू शकतं. मूळचा पाइप सरळ असेल आणि फक्त गंजाचे खड्डे असतील तर तो घासून, त्यावर हार्ड क्रोमचा मुलामा देऊन पुन्हा मापात आणता येतो. औद्योगिक वसाहतींमध्ये हे काम करणारे कारखाने असतात. खड्डे सील सरकतं त्या भागाच्या वर असतील तर घाबरायचं कारण नाही. स्वच्छ करून तेलाचा हात फिरवला तरी चालतं.

बुलेटवाल्यांनी आणि जावा-येझदीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. या गाड्यांची आतली रचना आरएक्ससारखी नाही. पाइपावर पत्र्याची आवरणं असतात आणि उघडायची रीतही वेगळी असते. कित्येक जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत शॉकअपसाठी साधं हलकं इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं. तेव्हा ज्याने तीच गाडी पूर्वी उघडली आहे अशा मिस्त्रीकडेच जावं. तत्त्व मात्र सगळीकडे एकच, तेल योग्य, दोन्हीकडे सारखं, आणि पाइप गुळगुळीत.

या चुका टाळा

एकाच बाजूचं सील बदलू नका. दोन्ही एकाच वयाची असतात, आज एक गेलं तर उद्या दुसरं जाणार. शिवाय दोन पायांत दोन प्रकारचं तेल राहतं.

गाडी कडक व्हावी म्हणून गिअरचं दाट तेल ओतू नका. शॉकअप इतका ताठ होतो की लहान खड्ड्यावरही चाक उडतं आणि सगळा धक्का मनगटात येतो.

पाइप न तपासता नुसतं सील बदलू नका. महिन्याभरात पुन्हा तेच काम निघतं आणि दोष सीलच्या माथी मारला जातो.

सर्व्हिसिंगला धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट सीलवर मारू देऊ नका. त्याऐवजी आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाइप पुसा आणि कोरडा करा. धूळ गेली की सीलचं आयुष्य वाढतं.

काढलेलं तेल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. डब्यात भरून गॅरेजमधल्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या.

तेल किती दिवसांनी बदलावं, ते पुस्तिकेत पाहावं. पुस्तिका हरवली असेल आणि गाडी फारशी फिरत नसेल, तरी दोन वर्षांतून एकदा बदलणं चांगलं. उभ्या गाडीतही तेल जुनं होतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. तिचं नूतनीकरण पुढच्या पाच वर्षांसाठी होतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. तो मुहूर्त शॉकअपसाठीही धरला तरी पुष्कळ होईल, पण मध्ये पाच वर्षं थांबू मात्र नये.

बदललेला सल्ला

संध्याकाळी गाडी घरी आली. बाबांनी रिकाम्या मैदानावर स्वतः एक फेरी मारली. आधी सावकाश, मग थोड्या वेगाने. हँडलवरचा ब्रेक त्यांनी इतक्या वर्षांनी हळूहळू दाबत नेला. गाडीचं तोंड खाली गेलं, पण अर्ध्यावर कुणीतरी हात दिल्यासारखं अडलं. हँडल थरथरलं नाही. गाडी मैदानावर आखलेल्या रेघेच्या अलीकडेच थांबली. त्यांनी तीच चाचणी आणखी तीनदा केली. तिसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

दुसऱ्या दिवशी आई त्यांच्या मागे बसून मंडईत गेली. कोपऱ्यावरच्या गटाराच्या झाकणापाशी तिने सवयीने त्यांचा खांदा घट्ट धरला, कारण तिथे दर वेळी कंबरेत हिसका बसतो. या वेळी नुसतं 'धप्' झालं आणि गाडी पुढे गेली. "रस्ता दुरुस्त केला वाटतं!" ती म्हणाली.

सुट्टी संपवून परतण्याआधी मुलाने पुन्हा किल्ली मागितली. बाबांनी ती दिली आणि सल्लाही दिला. पण तो आता बदलला होता.

"दोन्ही ब्रेक एकदम वापर. पुढचा झटक्याने नाही, दाबत दाबत न्यायचा. वाळूवर, ओल्या रस्त्यावर आणि वळणावर जरा जपून. आणि निघण्याआधी पाइपावरून एकदा बोट फिरव. तेल लागलं तर गाडी बाहेर काढायची नाही."